तिसरा हिस्सा

नॅरॅगन्सेट, ऱ्होड आयलंड वसाहत, १७४३

तिघे आले तेव्हा त्यांची शाई गोठलेली होती.
दौत माझ्याच चुलीपाशी ठेवली, निखाऱ्यांना टेकून,
आणि ती वितळेपर्यंत
माझंच सायडर पीत बोलत बसले, वाऱ्याचं, मेंढ्यांचं.
नवऱ्याला पुरून नऊ दिवस झाले होते.

मग पेलेग म्हणाला, पलंगापासून सुरुवात करू.
मी त्यावर बसले होते. उठले.
पिसांची गादी, उशा दोन, पडदे विरलेले: अकरा पौंड.
कथलाच्या ताटल्या सात.
तळाशी माझ्या आईच्या नावाची अक्षरं कोरलेली.
जाबेझनं त्यांवरून अंगठा फिरवला
आणि लिहिलं: मयताच्या.
माहेरून आणलेलं सगळं लग्नाच्या दिवशीच त्याचं झालं,
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असणं वेगळं,
कुणी मोठ्यानं वाचून दाखवणं वेगळं.

चांगला चरखा एक. मोडका चरखा एक.
मोडका अझारियानं मोडला, सहा वर्षांचा असताना,
घोडा समजून. आता घर त्याचं.

चीज दाबायचा साचा, ओकचा: दोन पौंड.
जूबा नावाची बाई, वय अंदाजे तीस, दुधाच्या कामात तरबेज: एकशे तीस.
तांबडी गाय, एक शिंग तुटलेलं: चौदा.
ह्याच क्रमानं.

जूबा दारात उभी होती, हात कोपरापर्यंत ओले.
न्यूपोर्टच्या बाजारात माझ्या नवऱ्याच्या शिक्क्यानं जे चीज विकलं जातं
ते तिच्या हातचं. मी फक्त मीठ मोजून देते.
सोमवारी जन्मली म्हणून जूबा,
तिच्या आईच्या भाषेत, असं तिनंच एकदा सांगितलेलं.
त्या भाषेची किंमत कुणी लावली नाही.

मला कायद्यानं तिसरा हिस्सा:
पूर्वेची खोली, तळघराचा एक कोपरा,
दर शनिवारी भट्टीत पाव भाजायची मुभा,
सफरचंदांच्या दोन ओळी,
विहिरीपर्यंत जायची-यायची वाट, रुंदी चार फूट.
सुनेचं नाव सायलेन्स, म्हणजे शांतता. देवही थट्टा करतो.
तिनं स्वयंपाकघरात खडूनं रेघ मारली.
रेघेपर्यंत मी झाडते. पलीकडचा केर तिचा.

जूबा माझ्या वाट्याला आली.
तिची पोर, मिंबा, आठ वर्षांची, अझारियाच्या.

लिहायला मला कुणी शिकवलं नाही.
मुलींना वाचण्यापुरतंच, बायबल लागलं की पुरे.
म्हणून तो कागद मी अख्खा वाचला, दोनदा.
मिंबाच्या ओळीवर बोट थांबलंसुद्धा.
कुणीतरी खाकरलं.
म्हणावंसं वाटलं, पलंग घ्या, आणि त्याऐवजी…
पलंगाचे अकरा. पोरीचे साठ.
हिशोब मला येतो.
मी माझी खूण केली: एक फुली, जराशी तिरकी.

मार्चमध्ये अझारियानं मिंबाला न्यूपोर्टला धाडलं,
कुणा कप्तानाच्या घरी.
त्या दिवशीही जूबानं फळीवरची चीजची चाकं उलटवली,
बेचाळीसच्या बेचाळीस.
एकही फुटलं नाही.
फुटलं असतं तर मला रागवता आलं असतं.

काल पहाटे पाण्याला निघाले.
समोरून ती येत होती, खांद्यावर कावड, दोन्ही बादल्या काठोकाठ.
चार फुटांची वाट. माझी आहे, कागदावर आहे.
तिच्या चालण्यासाठी कुठल्याच कागदात वाट नाही.
ती थांबली नाही.
बघितलंही नाही.
मीच खाली उतरले, दवानं भिजलेल्या गवतात,
जे अझारियाचं आहे.